कात्रणाची पांढरी पिशवी

कटिंग मशीनचं पातं वर गेलं तशी बाइंडरनं हात घालून कात्रणाची मूठ उचलली, एकही पट्टी जमिनीला लागू न देता. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं कात्रण असतं तर त्यानं ते पायानंच पोत्याकडे ढकललं असतं. पण हे कुराण होतं, आणि कुराणाच्या कोऱ्या कडेचं कात्रणसुद्धा ह्या दुकानात पोत्यात जात नसे. त्याच्यासाठी डोक्याच्या वर, खुंटीला, पांढऱ्या कापडाची वेगळी पिशवी टांगलेली होती. वर्ष-दीड वर्षानं ती भरली की तो ती कब्रस्तानात नेई आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा कोपऱ्यात खड्डा करून पुरून येई. त्याच्या अब्बांच्या वेळेपासूनची रीत होती.

मूठ पिशवीत सोडताना त्याची नजर तिच्यावर गेली. पट्ट्यांवर काहीतरी करडं दिसलं. आधी वाटलं, बुरशीच असेल. तिच्यासाठीच तर कड कापली होती. मग काय मनात आलं कोण जाणे, पिशवीतून एक पट्टी पुन्हा काढून त्यानं ती दाराच्या उजेडात धरली. पेन्सिलीची अक्षरं होती ती. अक्षरं तरी कशी म्हणायची? एक काना, एका वेलांटीचं शेपूट, कुठं अर्धा ‘म’. पट्टी उलटली तर मागेही तेच.

त्यानं मशीनमधून कुराण काढून टेबलावर ठेवलं आणि मधेच उघडलं. छापील चौकटीच्या बाहेर, ताज्या कापलेल्या कडेला लागून, बारीक फिक्या पेन्सिलीत ओळी होत्या. प्रत्येक ओळ कडेपाशी येऊन तुटलेली. त्यानं दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं, शेवटाकडचं उघडलं. मग स्टुलावर बसला तो बसलाच.

समोर त्याची बायको फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होती. सगळा बाजार तिला बाइंडरीण म्हणे आणि तिला ते आवडे. चक्कर आली का, पाणी देऊ का, असं तिनं विचारलं. त्यानं नुसती पट्टी पुढे केली. तिनं ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली, मग उठून कुराण पाहिलं, आणि हातातली सुई काळजीपूर्वक कापडाला टोचून ठेवली.

“बाईंचं ना हे?”

त्यानं मान हलवली.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. वय ऐंशीच्या घरात. निम्म्या गल्लीच्या पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, बाइंडरची मुलगीही. तिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी एकदा शेरा लिहिला होता : ‘हुशार आहे, पण घाबरते. घरात आणखी कोणी घाबरट आहे का?’ बाइंडरनं त्या शेऱ्याखाली सही केली होती आणि बायको दोन दिवस हसत होती. तेच अक्षर आता कडेला होतं.

चार दिवसांपूर्वी बाई नातीचा हात धरून दुकानात आल्या होत्या. दोन वर्षांत त्यांचे डोळे गेले. आता उजेड आणि सावली तेवढी कळत असे. जुजदान, म्हणजे कुराणाची कापडी पिशवी, त्यांनी छातीशी धरली होती आणि ती बाइंडरच्या हातात देतानाही त्या लवकर सोडत नव्हत्या. बोलत होती ती नात. शिवण सुटलीय, कपाटात पाणी गळून ओल लागली, कडा मळल्यात, जमलं तर छान करून द्या, आजीचं हे एकच आहे. बाई एवढंच म्हणाल्या की सांभाळून करा. त्यावर हा शहाणा म्हणाला होता, बाई, पंचेचाळीस वर्षं हेच करतोय.

एरवी तो कड कापायचा ती दोराभर. पानं सारखी दिसावीत एवढीच. पण बाईंचं काम, मुलीला त्यांनी शिकवलेलं, डाग पडलेली कड. त्यानं आपल्या मनानं अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी कड कापायचं ठरवलं, म्हणजे डागाचं नाव राहणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आणि कुणी म्हणेल, अहो, पान उघडून बघायला काय झालं होतं? तिथंच तर मेख होती. अब्बांनी त्याला शिकवलं होतं की आपण दोरा घालणारी माणसं. वजू करून, म्हणजे नमाजेआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन, हात लावायचा, मांडीवर ठेवायचं नाही, त्याच्यावर दुसरं पुस्तक ठेवायचं नाही, खळ वाळवायला फुंकर मारायची नाही. आणि आत बघत बसायचं नाही. नजर पानाच्या खालच्या कोपऱ्यात, आकड्यावर, क्रम चुकला नाही ना तेवढ्यापुरती. बाइंडर लहानपणी अक्षर जुळवून वाचायला शिकला, कुराणाच्या तीस भागांतला पहिला सिपारा कसाबसा संपला आणि दुकानावर बसला. पुढे शेकडो कुराणं त्याच्या हातून शिवून गेली, पण वाचायला म्हणून त्यानं एकही उघडलं नाही. आपल्यासारख्या अर्धवटानं चाळत बसणं त्याला बेअदबी वाटे. त्या अदबीपायीच त्यानं बाईंचं कुराण न बघता पात्याखाली सरकवलं.

नशीब एवढंच की वरची आणि खालची कड अजून कापायची होती.

बाइंडरणीनं शटर अर्धं खाली ओढलं. मग दोघांनी मिळून पिशवी खुंटीवरून उतरवली आणि धुतलेल्या चादरीवर रिकामी केली. वर्षभराचं कात्रण होतं. हजारो पट्ट्या, कितीतरी कुराणांच्या, एकमेकींत गुंतलेल्या. ते बघून बाइंडर म्हणाला, ह्यात कसं सापडणार? पण पोत्यात गेल्या असत्या तर सरळ रद्दीवाल्याच्या गाडीवर चढल्या असत्या, हे बाइंडरणीनं त्याला दोनदा सांगितलं.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली की बाई येणार होत्या. मधे सहा दिवस होते.

पहिले दोन दिवस नुसते निवडण्यात गेले. बाईंचं कुराण जुनं, कागद पिवळा पडलेला, बाकीच्यांचा पांढरा. पिवळ्या पट्ट्या बाजूला काढल्या. त्यातून पेन्सिल असलेल्या वेगळ्या केल्या. मग एकेक पट्टी पानाला लावून बघायची. कधी पाण्याच्या डागाची रेघ पानावरून पट्टीवर बरोबर उतरे, कधी अर्ध्या अक्षराला दुसरं अर्धं सापडे. बाइंडरीण चौथीपर्यंत शिकलेली, पण डाग जुळवण्यात त्याच्याहून तरबेज. जुळलं की तो आरपार दिसणाऱ्या पातळ कागदाची बारीक चिंधी खळीनं मागून लावी, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर हात. काम दिवसाच करावं लागे, कारण दिव्याखाली ती फिकी पेन्सिल चमके आणि दिसेनाशी होई.

ह्या दोन दिवसांत त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चालू होतं आणि ते त्यानं बायकोला सांगितलं नाही. त्याची भीती एकदम साधी होती. बाई गल्लीत सांगतील. लोक म्हणतील, अब्बांच्या पोरानं कुराणावर पातं चालवलं. मौलानांकडे गोष्ट जाईल. ज्या घरांतून आजोबा-पणजोबांची कुराणं विश्वासानं त्याच्याकडे येत होती, त्या घरांची दारं बंद होतील. दारात कुणाची सावली पडली की हात थांबे.

तिसऱ्या दिवशी सावली पडली ती नातीची होती. ती शटरखालून वाकून आत आली. बाइंडरनं घाईनं कुराणावर चादर ओढली.

“झालं का, चाचा?”

“शिकंज्यात आहे,” तो म्हणाला. “सुकतंय.”

तोंडातून सरळ खोटं गेलं. पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा त्याच्या मागेच होता, रिकामा. पोरगी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती म्हणाली की आजी झोपत नाही, दिवसातून दहा वेळा विचारते, कुणी उघडलं तर नसेल ना. आता बाइंडिंगला दिल्यावर उघडणारच की. तिला म्हटलं, तुला दिसत नाही, मी मोठ्या अक्षरांचं दुसरं आणते आणि वाचून दाखवते, तर रागावली. ते कुराण तिनं घरात कधी कुणाच्या हाती दिलं नाही. आजोबा होते तेव्हा त्यांनाही नाही. दार लावून एकटीच वाचायची. आता नुसतं हातात धरून बसते.

“म्हणजे तुमच्यापैकी कुणी आतून बघितलेलंच नाही?” बाइंडरनं विचारलं.

“कुणीच नाही.”

ती गेली. बाइंडर चादरीवर हात ठेवून उभा राहिला. आता हिशेब अगदी सोपा झाला होता. बाईंनी लिहिलेलं बाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बाईंना दिसत नव्हतं. कड तासून गुळगुळीत करायची, वर नवं कापड चढवायचं, सोनेरी पट्टी ओढायची आणि हातात द्यायचं. बाई बोट फिरवून म्हणतील, वा. पट्ट्या पिशवीत, पिशवी मातीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे त्यानं बायकोला बोलूनही दाखवलं, दुसरीकडे बघत. ती पट्टी जुळवत होती. ती म्हणाली, मूठ झाकता येईल, पण मूठ कुणाची ते वरच्याला कसं झाकणार? आणि पुढची पट्टी त्याच्या हातात दिली. तिच्यावर त्याला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

तरी त्यानं काम थांबवलं नाही, ह्याचं कारण थोडं वेगळं होतं. पट्टी बरोबर जुळली की नाही हे कळायला वाक्य वाचावं लागे. आणि वाक्य कशाबद्दल आहे ते कळायला शेजारची आयत, म्हणजे कुराणातलं वचन, जुळवून जुळवून वाचावी लागे. असं करता करता तो बाईंच्या मागून चालू लागला होता. बाईंनी शब्दाशब्दाला आपल्या बोलीत अर्थ लिहिला होता, शंका लिहिल्या होत्या, कुठं कुठं नुसतं घरचं. ‘हा शब्द मागेही आला होता. तिथं दया म्हटलं. इथंही तेच का?’ ‘ताप. आज एवढंच वाचलं.’ ‘दोन दिवस ह्याच्यापुढे जाता आलं नाही.’ एका पानावर होतं : ‘शेजारणीशी बोलत नाही त्याला सात महिने झाले. हे वाचून लाज वाटली.’ बाइंडरीण पुढची पट्टी शोधायला अधीर झाली. पान उलटल्यावर सापडली : ‘गेले होते. तिनं चहा केला.’

“बघा,” बाइंडरीण म्हणाली, आणि पदरानं चष्मा पुसत बसली.

अगदी शेवटाकडे एक छोटा सुरा, म्हणजे अध्याय, होता. तो बाइंडरला लहानपणापासून पाठ. रोज नमाजेत म्हणायचा, श्वास घ्यावा इतक्या सहज. कडेला बाईंनी लिहिलं होतं : ‘कणाएवढं चांगलं केलेलं दिसेल. कणाएवढं वाईट केलेलंही दिसेल. पाठ होतं, कळलं आज. कण म्हणजे केवढा?’

त्याच्या बाहीवर कागदाची भुकटी पडली होती. कापताना उडते ती. पन्नास वर्षं हे मी रोज तोंडानं म्हणतोय, त्याला वाटलं, आणि काय म्हणतोय ते मला एका बाईनं कडेला लिहिलेलं, तेही मीच कापलेलं, जोडताना कळतंय. लोकांची भीती होती ती होतीच. तिच्या खाली ही दुसरी निघाली, आणि ही गल्लीपुरती नव्हती. कुणाला कधीच कळणार नाही, हे तीन दिवसांपूर्वी त्याला सुटका वाटलं होतं. आता तेच आठवलं की तो हातातली पट्टी खाली ठेवून देई.

गुरुवारी दुपारपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या लागल्या. एक लागली नाही.

त्या पानावर बाईंनी कुराण आडवं धरून लांब ओळीत लिहिलं होतं. आतली ओळ पानावर शाबूत होती : ‘इथं मला भीती वाटते की’. बाहेरची ओळ पट्टीबरोबर गेली होती. तिच्या शिरोरेषेचा केसाएवढा धागा कडेला उरला होता. दोघांनी चादर झटकली, पुन्हा सगळं पांढरं कात्रण पालथं घातलं, मशीनखाली बॅटरी मारली. शेवटी बाइंडरनं रोजच्या कात्रणाचं पोतं जमिनीवर ओतलं आणि गुडघ्यांवर बसून ते चिमटीचिमटीनं बघितलं. पट्टी तिथं नव्हती. मूठ उचलताना वाऱ्यानं गेली, कुणाच्या चपलेला चिकटून बाहेर गेली, देव जाणे. चपलेचा विचार आला तसं त्यानं डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी नमाजेला तो उभा राहिला, पण आपण काय म्हणतोय ते आज ऐकू येत होतं आणि त्यामुळे दोनदा चुकला.

बाई आल्या तेव्हा बाइंडरणीनं स्टूल पुसून दिलं. नात शेजारी उभी राहिली. दुकानात खळीचा आंबूस वास होता. नवं हिरवं कापड चढवलेलं कुराण रेहलवर, लाकडी घडवंचीवर, ठेवलेलं होतं. बांधणी त्याच्या हातची, तिला नाव ठेवायला जागा नव्हती. पण कड मात्र मोडक्या दातांच्या फणीसारखी दिसत होती, एक पान पुढे, एक मागे. अशा कडेचं पुस्तक ह्या दुकानातून कधी बाहेर गेलं नव्हतं. बाईंनी दोन्ही हात पुढे केले.

“बाई, आधी ऐका,” बाइंडर म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. अर्धं बोट कापल्याचं, न बघता कापल्याचं, पिशवीचं, पट्ट्यांचं. नातीला शिकंज्यात आहे म्हणून सांगितलं तेही खोटं होतं, हे सांगितलं. गपचूप तासून द्यायचं मनात आलं होतं, तेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की बाई पुढे वाकल्या.

पहिली बोलली ती नात. “आजी, तू कुराणात लिहीत होतीस?”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी नातीच्या दिशेनं मान वळवलीच नाही. हात मांडीवर घेऊन एकात एक घट्ट धरले. इतका वेळ बाइंडरला वाटत होतं की दुकानात भ्यालेलं माणूस एकच आहे.

“वाचलंत?” बाईंनी विचारलं.

“वाचल्याशिवाय जुळत नव्हतं.”

“सगळं?”

“सगळं.”

“शेजारणीचं पण?”

“तिनं चहा केला, तेही.”

मग बाई हळूहळू बोलू लागल्या, कुणाशी ते कळत नव्हतं. यजमान म्हणायचे, कड स्वच्छ ठेवावी, तिच्यावर आपली रेघ कशाला. लिहू नये असं कुठं लिहिलंय ते शोधायला म्हणून त्या वाचायला लागल्या. ते काही सापडलं नाही, बाकीचं सापडत गेलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ह्या भीतीनं पेन्सिल फिकी धरली आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षं. बाइंडिंगला दिल्यापासून तर डोळ्याला डोळा नाही.

एकदम त्यांचा सूर बदलला. वर्गातला सूर होता तो. “आणि अर्धं बोट कापायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?”

“कुणी नाही, बाई.”

“मग का कापलंत?”

“छान दिसावं म्हणून.”

“कुणाला? मला तर दिसत नाही.”

बाइंडरणीनं पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, तिचं तिला माहीत. बाईंनी हात पुढे केले, आता मात्र त्यानं कुराण दिलं. त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. जिथं जिथं जोड होता तिथं अंगठा थांबत होता आणि पुढे जात होता. बराच वेळ त्या तेवढंच करत होत्या.

“एक पट्टी मिळाली नाही,” बाइंडर म्हणाला. “पोतंसुद्धा उपसलं.”

“कुठली?”

त्यानं पान उघडून दिलं. बाईंनी कुराण त्याच्याकडेच सरकवलं.

“मला काय दाखवता? वाचा.”

तो कडेचं वाचणार होता, पण बाईंनी आयत आधी वाचायला सांगितली. आठवडाभराच्या सरावानं तो अक्षरं जुळवत गेला, अडखळत, घामाघूम होत. एक अक्षर घशातून काढायचं होतं ते त्यानं जिभेनं काढलं. बाई म्हणाल्या, पुन्हा. त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

“आता कडेचं.”

“इथं मला भीती वाटते की.”

“पुढे?”

“पुढचं गेलं, बाई.”

बाईंनी मान वर केली. छताकडे बघितल्यासारखं करून त्या आठवत राहिल्या. नातीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं.

“नाही आठवत,” त्या म्हणाल्या. “काहीतरी मोठं असणार. तेव्हा तरी मोठं वाटलं असेल.” मग थांबून त्यांनी विचारलं, “तुम्हाला कशाची वाटत होती? आठवडाभर?”

बाइंडरनं बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“आधी वाटलं, तुम्हाला कळेल ह्याची,” तो म्हणाला. “मग तुम्हाला कधीच कळणार नाही, ह्याची वाटायला लागली. ती जास्त होती.”

बाईंनी आपल्या पिशवीत हात घातला, चाचपून एक बोटभर उरलेली पेन्सिल काढली आणि ज्या बाजूनं त्याचा आवाज आला होता त्या बाजूला धरली.

“लिहा.”

“मी? ह्यात?”

“वजू आहे ना?”

“आहे.”

“मग लिहा. आणि फिकं लिहू नका, हिला वाचायचंय.” त्यांनी खांद्यावरच्या हाताकडे मान हलवली. “फक्त कडेपासून जरा आत लिहा. पुढचा बाइंडर कसा निघेल, सांगता येत नाही.”

बाइंडरनं पेन्सिल घेतली आणि पान नीट करून धरलं. सहा दिवस अर्धं खाली असलेलं शटर बाइंडरणीनं उठून पूर्ण वर केलं, त्याला उजेड हवा होता म्हणून.